एकोणिसाव्या प्रकरणातली जागा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पंपदुरुस्तीचं काम करणारा एक माणूस प्रकाशनाच्या कार्यालयात शिरला. मनगटावरचं घड्याळ काढून त्यानं टेबलावरच्या रिकाम्या कपात ठेवलं आणि संपादकांच्या उजव्या हातावर पाइप पाना मारला. पहिल्याच घावात दोन बोटं मोडली. दोघं आयुष्यात प्रथमच भेटत होते.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत अक्षरजुळणी करणाऱ्या बाई होत्या. त्यांचा फोन त्यानं पाण्याच्या जगमध्ये टाकला आणि त्यांना आत आणून कपाटाशेजारी बसवलं.

"ताई, तुमच्याशी माझं काही भांडण नाही. गप बसून राहा."

पुढचं सगळं बाईंनी सांगितलेलं आहे. संपादकांनी इस्पितळाच्या गाडीत जे सांगितलं त्याच्याशी ते जुळतं.

माणसाच्या काखेत एक कादंबरी होती. किशोरवयीन मुलांसाठीची थरारकथा, तीन आठवड्यांपूर्वी बाजारात आलेली. लेखिका त्याची मेहुणी, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. कादंबरीतली पंधरा वर्षांची मुलगी बापाच्या माराला कंटाळून पळते आणि बाप तिला शोधत फिरतो. या माणसाला स्वतःची पंधरा वर्षांची मुलगी होती. आदल्या दिवशी दुपारी तिच्या दप्तरात त्याला हे पुस्तक सापडलं, आणि तेव्हापासून ती घरी नव्हती. सकाळी नऊ वाजता तो मेहुणीकडे जाऊन आला होता. तिथं त्यानं मेहुणीचा जबडा मोडला. तोवर ती काही बोलली नव्हती आणि त्यानंतर बोलू शकत नव्हती.

मुलगी कुठे असेल हे ठाऊक असलेला दुसरा माणूस म्हणजे संपादक.

वर्षापूर्वी पहिला खर्डा आला तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे अडीच पानी अभिप्राय लिहिला होता. वेग चांगला, प्रकरणं आटोपशीर, मुलगी रडत बसत नाही हे फार छान. पण बाप कागदी वाटतो आणि लपण्याची जागा कोणीही ओळखेल. लेखिकेनं भाचीला विचारून दोन्ही उणिवा दूर केल्या. दुसऱ्या खर्ड्यातला बाप मारायच्या आधी घड्याळ काढून कपात ठेवू लागला. संपादकांनी समासात लाल पेनानं लिहिलं, 'आता हा माणूस जिवंत झाला.' नव्या जागेबद्दल लेखिका फोनवर म्हणाली होती, "खरी आहे, सर. माझी भाची तिथंच लपते." संपादकांनी ते ऐकलं आणि प्रकरण छापायला पाठवलं.

"घड्याळाचं कोणी सांगितलं?" माणसानं विचारलं.

"लेखक कल्पना करतात."

पाना खांद्यावर बसला.

"सहा प्रकरणं वाचली मी. त्यात एकही गोष्ट खोटी नाही. बाकीचं वाचायला मला वेळ नाही. पोरगी शेवटी कुठं लपते तेवढं पान काढा."

"त्या प्रकरणात काही दम नाही हो," संपादक म्हणाले. हातातून रक्त गळत होतं आणि ते वर्गात शिकवावं तसे बोलत होते. "कादंबरी तिथंच पडते. कुणाला पटणार नाही अशी जागा आहे. मी लेखिकेला सांगितलं होतं."

"मला पटतंय का ते मी बघतो. ताई, तुम्ही काढा."

बाईंना फोनवरचं बोलणं माहीत नव्हतं. पुस्तक त्यांनीच जुळवलेलं, पान तोंडपाठ. त्यांनी एकोणिसाव्या प्रकरणातलं एकशे बेचाळिसावं पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. जलतरण तलावाखालचं पंपघर. लोखंडी दार, आतून कडी. चाक तुटलेला व्हॉल्व्ह आणि चाकाच्या जागी वेल्ड केलेलं सायकलचं पेडल.

"थांबा. पेडलचं परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"ते मी लावलंय," माणूस म्हणाला.

"तुमच्या मुलीनं तुमच्याच तोंडून ऐकलं असेल," संपादक म्हणाले. "पंपघरात माणूस तासभर टिकत नाही. मोटरचा आवाज, क्लोरीनचा वास."

"बावीस वर्षं पंपघरात बसून डबा खातोय, साहेब. झकास हवा असते. तुम्ही कधी उतरलात?"

"नाही."

"मग कशाला अक्कल पाजळता?"

तिसरा घाव गुडघ्यावर आला. संपादक खुर्चीतून खाली पडले. पडल्या पडल्या त्यांनी डाव्या हातानं खालचा खण ओढला आणि जुना खर्डा बाहेर काढला.

"ही खरी जागा. शाळेच्या गच्चीवर, टाकीमागे. फार साधी होती, म्हणून मी बदलायला लावली. बघा, माझं अक्षर आहे."

समासात लाल पेनानं लिहिलेलं होतं, 'जागा बदला.' माणसानं ते पान बोट फिरवत, सावकाश वाचलं.

"दोन्हीतलं चांगलं कुठलं?"

"पंपघर. म्हणून तर ते रचलेलं आहे. खऱ्या गोष्टी एवढ्या नेटक्या नसतात."

"मग घड्याळ?"

माणसानं संपादकांच्या बरगड्यांवर दोन लाथा घातल्या, पान घडी करून खिशात ठेवलं, कपातलं घड्याळ उचललं आणि मनगटावर बांधत अकरा पस्तीसला जिना उतरला.

बाईंनी शेजारच्या दुकानातून पोलिसांना फोन केला. दोन्ही जागा सांगितल्या.

बारा वीसला पोलिस शाळेच्या गच्चीवर पोचले. टाकीचं झाकण फुटलेलं होतं, तिथं कोणी नव्हतं. पहारेकरी म्हणाला, एक माणूस आला, पाच मिनिटांत खाली उतरला, आणि जाताना त्यानं तलावाचं फाटक किती वाजता उघडतं ते विचारलं.

पंपघराशी पोलिस बारा चाळीसला पोचले. लोखंडी दाराला आतून कडी होती आणि मोटर चालू होती. हाका मारल्या, दार ठोठावलं. आतून कोणी बोललं असतं तरी त्या आवाजात ऐकू आलं नसतं. मोटरचं बटण आत आहे. आत मुलगी एकटी आहे की बापही, हे बाहेरून कळत नव्हतं. वीज तोडायला माणूस निघाल्याचा निरोप मिळाला. एक वाजून पाच मिनिटांनी मोटर चालूच होती.