पुडी चुकली की मूल पडतं

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या खोलीत पुडीबाबानं गोबऱ्या गालांच्या एका मुलीला खुर्चीवर उभं केलं होतं.

"चार महिन्यांपूर्वी हिला कडेवर आणली होती! आणि आज?"

"आज चालत आली. दोनदा वाढून घेते," मुलीची आई म्हणाली, आणि खोलीभर कौतुकाची कुजबुज पसरली.

"मात्र खाडा नाही!" बाबानं बोट उगारलं. "पुडी चुकली की मूल पडतं. आमच्या शक्तीशी खेळू नका."

मुलगी बिट्टी. वय नऊ, उंची जेमतेम सहा वर्षांच्या पोरीएवढी. मूत्रपिंडं जन्मापासूनच अधू. आई शिवणकारखान्यात गणवेशांना काजं करायची आणि दर तीन महिन्यांनी सुट्टी काढून लेकीचं रक्त तपासून आणायची. डॉक्टरीणबाई समजावायच्या, "मूत्रपिंड थकलं की हाडांतलं कॅल्शियम ओढणारं संप्रेरक रक्तात वाढतं. म्हणून पाय दुखतात. औषधं सोडू नका, वेळ लागेल."

वेळ देऊन देऊन आई थकली होती. बाबाच्या पुडीनं आठवड्यात पाय दुखायचे थांबले. तिनं रुग्णालयाची वाट सोडली. शिवाय रुग्णालयात ओळख झालेल्या पाच आयांनाही ती बाबाकडे घेऊन आली.

मग एकदा बाबा परगावी गेला आणि बिट्टीच्या पुड्या संपल्या. तिसऱ्या सकाळी बिट्टीला उलट्या झाल्या, हातपाय गार पडले आणि ती उंबऱ्यातच कोसळली.

"बाबा म्हणालेच होते!" शेजारची काकू ओरडली.

आईलाही तेच वाटलं. तरी तिनं पोरीला उचललं आणि रुग्णालय गाठलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढून घेतलं, इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. तासाभरानं बिट्टीनं डोळे उघडले.

"हिला काय देत होतात?"

आईनं पदराच्या गाठीतून पुडीचा रिकामा कागद काढून पुढे केला. उत्तर बिट्टीनंच दिलं. "पांढरी पुडी. लई कडू असते."

दोन दिवसांनी बाईंनी कागद समोर ठेवले. "हाडांचं संप्रेरक आधीच्या दुप्पट झालंय. दुखणं दबलं, आजार आतून वाढत राहिला. आणि हे दुसरं संप्रेरक, रक्तदाब आणि साखर सांभाळणारं. ते जवळजवळ शून्य आहे. पुडीच्या कागदाला लागलेली भुकटी तपासली. स्टेरॉइडच्या गोळ्या कुटल्यात त्यात. त्यानं भूक लागते, गाल फुगतात. पण बाहेरून इतकं मिळालं की शरीर स्वतःचं संप्रेरक करायचं सोडून देतं. मग पुडी थांबली की मूल पडणारच."

"म्हणजे कोप नव्हता?"

"कोप कसला? त्याला हे ठाऊक होतं, म्हणून तर खाडा नको म्हणायचा."

"मग आजपासून सगळं बंद!"

"तसं बिलकूल करू नका. एकदम थांबवलं तर पुन्हा कोसळेल. आम्ही मोजून देऊ आणि महिनोन्‌महिने कमी करत आणू."

आईनं कागद उचलले. ज्यानं पोर मरणाच्या दारी गेली, तेच अजून तिला द्यायचं! आणि ती पाच मुलं?

त्याच संध्याकाळी बाबा परतल्याचं कळताच ती कागद घेऊन जिना चढली.

"हिची श्रद्धा डळमळली, म्हणून पोर पडली!" बाबा गरजला.

"माझी श्रद्धा तपासायला कुणी रक्त काढलं नव्हतं," ती म्हणाली. "तुमच्या पुडीत सापडलेल्या औषधाचं नाव इथं लिहिलंय. वाचू?"

एक बाप पुढे झाला. "बाबा, एक पुडी द्या. मीही तपासून आणतो."

"शक्ती तपासायची नसते!" म्हणत बाबानं पुड्यांचा डबा पोटाशी धरला. तेवढ्यानं सगळ्यांना काय ते कळलं. शिव्या सुरू झाल्या, कुणी हातातली पुडी खिडकीतून भिरकावू लागलं.

आई दारात आडवी उभी राहिली. "फेकू नका! पाया पडते, फेकू नका. आज पुडी थांबली तर तुमचीही मुलं पडतील. पुड्या घेऊन आधी रुग्णालयात चला."

त्या गोंधळात बाबा मागच्या जिन्यानं सटकला. चौथ्या दिवशी तो गोळ्यांच्या डब्यांसकट पकडला गेला. आईनं आणलेल्या पाचांपैकी चार आया त्याच दिवशी तिच्याबरोबर रुग्णालयात गेल्या. पाचवीकडे पुड्या शिल्लक होत्या; तिनं दार लावून घेतलं. आई रोज काम सुटल्यावर त्या दाराशी जायची, शिव्या खायची. आठवड्यानं ते दार उघडलं आणि पाचवं मूलही रुग्णालयात पोचलं.

बिट्टीचे पाय पुन्हा दुखू लागले. सातव्या महिन्यात तिच्या रक्तात तिचं स्वतःचं संप्रेरक दिसू लागलं. हाडांचं औषध अजून चालू आहे, पुढेही चालेल.

मूल बरं दिसतं म्हणजे ते बरं असतंच असं नाही. काय देतोय हे जो सांगत नाही, त्याला विचारा. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्यासमोरून उठा. आणि फसला असाल तर लाजू नका, पुडी घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा.