वाक्यांमधला कचरा

कानाला लावायच्या वस्तूंइतकं ओंगळ जगात दुसरं काही नसेल. आमच्या भाषा प्रयोगशाळेत तीस हेडफोन आहेत आणि ते रोज पुसायचं काम माझं. इंजिनिअरिंगची पोरं येतात आणि केसांना चोपडलेलं जेल, कानातला मळ, गालावर फुटलेल्या पुटकुळ्या, सगळं त्या गोल गाद्यांवर ठेवून जातात. बाकांखालचं च्युइंगगम खरवडायचं, ते वेगळंच. एकोणीस वर्षं झाली, पण मला अजून किळस येते. माणसाला कशाचीही सवय होते असं म्हणणाऱ्याने माझ्या खुर्चीत आठवडाभर बसून दाखवावं.

या खोलीत सकाळी प्रगत इंग्रजी आणि दुपारी भाषाविज्ञान चालतं. दोन्ही विषय ऐच्छिक, दोन्हींना मॅडम एकच, आणि त्याही कंत्राटावर. गणित नाही, जर्नल नाही आणि मॅडम कुणाला नापास करत नाहीत, एवढे तीन गुण जुळले की पोरांचं भाषाविज्ञानाशी लग्न लागतं. पंधरा पोरं जमली नाहीत तर विषय बंद, आणि विषय बंद झाला की मॅडमही घरी. म्हणून त्या पोरांशी फार गोड बोलायच्या. वर्गात पाय पसरून मोबाइल बघणाऱ्यालाही ‘काही शंका आहे का?’ असं विचारायच्या. मला ते बघवत नसे.

यंदा तिघा पोरांनी भाषाविज्ञानाच्या प्रकल्पासाठी आपल्या भाषेत बोलणारं यंत्र करायचं ठरवलं. त्यांचा म्होरक्या म्हणजे टॉपर. सगळे त्याला याच नावाने हाक मारत आणि तोही लगेच वळून बघे. यंत्राला एका माणसाचा आवाज लागतो, त्या माणसाने सहाशे वाक्यं वाचायची. तिघांनी आधी स्वतः वाचून पाहिली, पण दहा वाक्यांत तिघांच्याही जिभेच्या गाठी झाल्या. मग मॅडमनी मला विचारलं, तुमच्या ओळखीत कुणी स्पष्ट बोलणारं, रिकामं माणूस आहे का? मी पटकन म्हणालो, माझी आई आहे.

आईने पस्तीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकाला तिथे कपडे आणि बोलणी एकाच घडीत मिळत. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि आवाज असा की दुकानातून मारलेली हाक चौकात ऐकू जायची. मला ती चारचौघांत टोणग्या म्हणायची. माझं लग्न झालं, डोक्याला टक्कल पडलं, तरी टोणग्याच. बायको माहेरी निघून गेली तेव्हा तिलाही आईने फोनवरून चार शब्द सुनावले आणि शेवटी, ‘बरं, स्वेटर विसरलीयस तो पाठवते,’ असं म्हणाली.

अशी ही आई पाच दुपारी प्रयोगशाळेतल्या काचेच्या खोलीत बसली. मी बाहेर रेकॉर्डिंगच्या मशीनपाशी. वाक्यं आधीच ठरलेली होती. त्यांत भाषेतले सगळे आवाज यायला हवेत, अर्थाचं काही असो. आई वाचायची, ‘ठेंगण्या झाडाखाली छत्री उघडून घड्याळवाला झोपला.’ आणि लगेच, ‘हा इथे झोपलाय, मग दुकानात कोण बसलंय? कुणाचं दुकान आहे हे?’ मग पुढचं वाक्य. मग खोकून, हसून, ‘टोणग्या, पाणी दे रे. आणि हे लिहिणाऱ्याला एकदा माझ्याकडे पाठव.’ काचेच्या अलीकडे पोरं पोट धरून हसत. टॉपर तेवढा हसत नसे. तो वहीत वाक्याचा आकडा लिहून घेत असे.

दोन महिन्यांनी आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता तिच्या गळ्याला समोर भोक आहे, त्यातून ती श्वास घेते. बोलता येत नाही. कागद फार लागतो म्हणून ती लहान मुलांची पाटी वापरते.

त्या भोकातली नळी रोज काढून धुवावी लागते. आत पिवळा चिकट बुळबुळीत बेडका साचतो. आई खोकली की तो गळ्यातून उडतो, एकदा माझ्या चष्म्यावर उडाला होता. मला शिसारी येते. स्वतःच्या आईची शिसारी येणारा माणूस म्हणजे काय लायकीचा, ते मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको. नळी धुताना मी तोंड फिरवतो आणि ती ते बघते. आधी बोलायची तेव्हा तिने मला या तोंड फिरवण्यावरून सोलून काढलं असतं आणि आम्ही दोघं मोकळे झालो असतो. आता ती नुसती बघते. पाटीवर शिवी लिहायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात शिवीतला जीव जातो.

तेव्हा मला आठवलं की प्रयोगशाळेत तिचा आवाज आहे. ती सहाशे वाक्यं नव्हेत, ती गेली खड्ड्यात. मला मधलं बोलणं हवं होतं. तिचं हसणं, पाणी मागणं, एकदा तरी टोणग्या म्हणणं. त्याखेरीज तिचा आवाज जगात कुठेच नव्हता. आमच्या घरात कुणी कधी कुणाचं बोलणं जपून ठेवलं नव्हतं. रोज फुकट मिळणारी वस्तू कोण जपून ठेवतो?

मी मॅडमकडे मागितलं. त्या म्हणाल्या, सगळं मुलांकडे आहे. मुलांकडे गेलो. टॉपर म्हणाला, काका, प्रकल्पाचे मार्क लागेपर्यंत त्या फायलींना हात लावायचा नाही, प्रदर्शन झालं की देतो. मी महिनाभर थांबलो. रोज हेडफोन पुसताना वाटायचं, आता अमुक दिवस उरले. थांबलो हीच चूक झाली, पण एकोणीस वर्षांत मी या इमारतीत थांबण्याशिवाय दुसरं काय केलं होतं?

प्रदर्शनाच्या दिवशी आईलाही बोलावणं आलं. गळ्याला रुमाल बांधून, इस्त्रीची साडी नेसून ती आली. प्राचार्य आले, पाहुणे आले. पाहुण्यांच्या अंगाला अत्तराचा असा भपकारा होता की मला मळमळलं. टॉपरने कळ दाबली आणि यंत्र बोललं.

“आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत आहे. आपल्या उपस्थितीने आम्ही उपकृत झालो आहोत.”

आवाज आईचा होता, त्यात शंका नाही. पण आईने उभ्या आयुष्यात कुणाचं मनःपूर्वक स्वागत केलं नव्हतं. ‘आलास? मग बस,’ एवढंच काय ते. वाक्यात कुठे श्वास नाही, खोकला नाही, अडखळणं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य म्हणाले की ज्या माउलीचा आवाज गेला तिला आपल्या संस्थेने पुन्हा आवाज दिला, आणि आईसोबत फोटो काढायला वाकले. फोटोवाल्याने आईला गळ्याचा रुमाल जरा वर घ्यायला सांगितलं, भोक दिसत होतं म्हणून. त्या क्षणी मला त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाचा तिटकारा आला. मॅडमचाही. त्यांचे डोळे भरून आले होते, कारण पुढच्या वर्षीची पंधरा पोरं नक्की झाली होती.

आईने पाटी काढली, शांतपणे लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. ‘ही बाई कोण? हिला इस्त्री केलीय.’

मी हसलो. महिन्याभरात पहिल्यांदाच हसलो असेन. मग टॉपरला बाजूला घेतलं आणि म्हटलं, आता मूळचं दे.

“मूळचं म्हणजे?”

“तिने पाच दिवस जे वाचलं ते. मधल्या बोलण्यासकट.”

“काका, तो कचरा होता. वाक्यं कापून घेतली आणि बाकीचं उडवलं. डिस्क भरत आली होती.”

त्याच्या चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नव्हतं. घर झाडून कचरा टाकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अपराध कशाला असेल? उलट माझी समजूत पटावी म्हणून त्याने प्रकल्पाचा अहवाल उघडून दाखवला. इंग्रजीत होता, मॅडमच्या सकाळच्या तासाला घोटून घोटून तयार केलेला. मला लागतं तेवढं इंग्रजी येतं. त्यात लिहिलं होतं की नको असलेले भाग काढून टाकण्यात आले. कुणाला नको असलेले, कुणी काढले, याचा पत्ता नाही. अहवालात करणाऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे मॅडम दरवर्षी शिकवतात. मी हेडफोन पुसता पुसता एकोणीस वेळा ऐकलंय.

मग त्या पोराने सगळ्यात घाण गोष्ट केली, आणि तीही मनापासून, माझं भलं व्हावं म्हणून. म्हणाला, “काका, तुम्हाला त्यांच्या तोंडून काय ऐकायचंय ते टाइप करा ना. यंत्र म्हणेल.”

मी टाइप करायला नको होतं, पण केलं. यंत्र म्हणालं, “टोणग्या, पाणी दे रे.” स्पष्ट आणि नम्र, जसं पाहुण्यांचं स्वागत केलं होतं तसंच. मी खरोखरच बाहेर जाऊन कुंडीपाशी ओकलो. परत आलो तेव्हा आई यंत्राकडे पाठ करून बसली होती. तिला ते ऐकू गेलं होतं.

टॉपर घाबरला असावा. तो म्हणाला, काका, शेवटच्या दिवशीचं रेकॉर्डिंग आम्ही घाईत उतरवून घेतलं होतं, मूळ फाइल कदाचित तुमच्याच खोलीतल्या मशीनवर राहिली असेल. आम्ही दोघं वर प्रयोगशाळेत गेलो. सात नंबरच्या मशीनमध्ये, कुणीतरी भरून ठेवलेल्या सिनेमांच्या ढिगाखाली, ती खरोखरच सापडली. त्रेपन्न मिनिटं, काहीही न कापलेली. मी टॉपरला बाहेर जायला सांगितलं. समोरचा हेडफोन सकाळपासून कुणाकुणाच्या डोक्यावर बसून तेलकट झाला होता. तो मी न पुसताच कानाला लावला.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आईचा श्वास. तिचाच, नाकातून शिट्टी वाजवत येणारा. मी टेबलाची कड धरून बसलो. मग ती बोलली.

“टोणग्या, सुरू करायच्या आधी ऐक जरा. मला तुला एक—”

“आई, पुरे. काल तुझ्या बडबडीपायी मॅडम मला बोलल्या. आज मधे एक शब्द बोलायचा नाही. फक्त वाक्यं वाच.”

हा माझा आवाज. इतका तुसडा आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता. शिपायावर खेकसणाऱ्या साहेबासारखा. काचेच्या बाहेरून, माइकचं बटण दाबून, मी आईशी असा बोललो होतो आणि मला ते आठवतसुद्धा नव्हतं.

मग आई म्हणाली, “बरं.”

आणि तिने वाक्यं वाचायला घेतली. एकामागून एक, एकशे चोवीस. घड्याळवाल्याबद्दल चकार शब्द नाही, पाणी मागणं नाही, हसणं नाही. खोकला आला की तोंडावर पदर धरून दाबायची, तेवढा दबका आवाज येई. मी शेवटपर्यंत ऐकलं, कुठेतरी एकदा तरी तिचा तोल सुटेल म्हणून. सुटला नाही. टॉपरला त्या दिवशी कापायला काही उरलंच नव्हतं. कापायचं काम मी आधीच करून ठेवलं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी आईची नळी काढली आणि मोरीत धुतली. तोंड फिरवलं नाही. घाण वाटली, तरी बघत राहिलो. नळी परत बसवून तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, शेवटच्या दिवशी वाचायला बसताना तू मला काहीतरी सांगत होतीस, ते काय होतं?

तिने माझ्याकडे बघितलं. मग पाटी ओढून घेतली, आधीचं बोटाने पुसलं आणि लिहिलं, ‘आता आठवत नाही रे.’