पाठीवरची जागा

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मला ओर्ला आल्यावर कळलं. जॉर्जियातल्या कखेती प्रांतात, आमच्या द्राक्षमळ्यांच्या गावात इतकी वर्षं इंग्रजी म्हणजे मीच, लमारा बाई. ओर्ला आयर्लंडहून आलेली, जेमतेम बाविशीची, पगार न घेता शिकवायला. राहायला माझ्याच घरी. आणि एका सत्रात गाव मला विसरलं.

वर्गात ती टेबलावर चढून बसायची, चुकलं तरी टाळ्या वाजवायची. मी चूक दाखवली की मुलं म्हणायची, "बाई, ओर्ला तर चालतं म्हणाली!" घरी खिनकालीचा मोदक हाताने उचलून आधी आतला रस्सा ओढायचा सोडून ती त्याला काटा टोचायची आणि सगळा रस्सा ताटात. नवी सून असताना मी असं केलं असतं तर सासूने मला माहेरी धाडलं असतं. हिच्याकडे बघून माझा नवरा ओतार कौतुकाने हसायचा. "असू दे गं, पोर आहे."

तेही मी गिळलं. नुत्साचं मात्र गिळवेना. नुत्सा माझी एकुलती एक, बारावीतली. मला उत्तर 'हं' नाहीतर 'नको'. ओर्लाच्या खोलीतून मात्र दोघींचं खिदळणं ऐकू यायचं. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

त्यात शेवटच्या घंटेचा दिवस जवळ आला. त्या दिवशी बारावीची मुलं पांढरे सदरे घालून येतात आणि अख्खी शाळा त्यांवर निरोप लिहिते. बाह्या, खिसे कुणीही घ्यावेत; पाठ मात्र आमच्या शाळेत सगळ्यात लाडक्या माणसासाठी कोरी ठेवतात.

सदऱ्याला इस्त्री करताना मी सहज विचारल्यासारखं केलं, "पाठीवर कोण लिहिणार?"

"बघू," नुत्सा म्हणाली. "तुला काय करायचंय?"

घंटा झाली. पटांगणात ओर्लाभोवती ही गर्दी! मी भिंतीशी पेन घेऊन उभी, कुणाची वाट बघत नसल्यासारखी. कळस म्हणजे ओर्लाही पांढरा सदरा घालून आलेली.

"ही कधी बारावी झाली?" भूगोलाच्या एतेरीबाई कुजबुजल्या. मला बरं वाटलं.

ओर्ला गर्दीतून थेट माझ्यापाशी आली आणि वळली. बाह्या मुलांनी भरल्या होत्या. पाठ कोरी होती.

"मीपण उद्या जाते ना," ती आमच्या जॉर्जियन भाषेत अडखळत म्हणाली. "ही जागा तुमची, बाई."

काय करणार? खांदा धरला तर थरथरत होता. रडत होती वेडी. मी लिहिलं, 'नीट जा, आई.' आमच्यात आई लेकराला लाडाने 'आई'च म्हणते. हात आपोआप चालला.

मान वर केली तर समोर नुत्सा. तिने वाचलं होतं. चेहरा लालबुंद.

"तिला 'आई' लिहिलंस?"

"अगं, ती जातेय..."

"सकाळपासून पाठ राखून ठेवलीय मी! एतेरीबाईंना नाही म्हटलं, हिलासुद्धा नाही म्हटलं. आणि तू आधी हिला?"

ओर्ला बाजूला सरकली. मला हसू येत होतं आणि रडूही. पण हसले असते तर पोरीने सदरा काढून फेकला असता.

नुत्साने माझ्याकडे पाठ केली.

"लिही आता. आणि हिच्यापेक्षा मोठ्या अक्षरात लिही."