बुजवलेली भोकं

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. ओतीव लोखंडाची, तीन पायांची, आणि अंगानं अजून धडधाकट. माझ्या जातीच्या बऱ्याच जणी आपली कहाणी सांगताना किती घरांना ऊब दिली ते मोजून दाखवतात. मलाही तसंच सांगायला आवडलं असतं. पण मला तुमच्यापुढं माझा एक अपराध सांगायचा आहे, आणि त्यासाठी थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म निजामाच्या राज्यात, हैदराबादेत झाला. वाळूच्या साच्यात लोखंड ओतून मला घडवलं. काठावर कबाबाच्या सळया ठेवायला खाचा, मध्ये जाळी, आणि जाळीच्या खाली चारी बाजूंनी हवेसाठी भोकांची रांग. तिथून मला सोलापूर रस्त्यावरच्या एका डाक बंगल्यावर पाठवलं. दौऱ्यावरचे साहेब लोक व्हरांड्यात बसत आणि खानसामा माझ्यावर सळया फिरवी. कबाब खाऊन साहेब खानसाम्याची तारीफ करत, आणि मी ती खुशाल माझीच समजत असे. कौतुकाची चटक मला तिथंच लागली.

पुढं निजाम गेला, साहेब गेले, बंगल्याचं छप्परही गेलं. बहात्तरच्या दुष्काळात मी एका पाझर तलावाच्या कामावर होते. मुकादमाचा चहा माझ्यावर उकळायचा. काम संपलं तसं मला कुणीतरी मुरुम गावच्या भंगारवाल्याकडं टाकलं. तिथं मी सहा पावसाळे उलटी पडून होते. त्यातले काही पावसाळे नावाचेच होते, पण गंज चढायला तेवढं पाणी पुरलं.

तिथून मला जैनोद्दीननं उचललं. तो सहकारी साखर कारखान्यात फिटर होता. सुट्टीच्या दिवशी त्याचे सोबती पत्ते कुटत बसत, आणि हा जुन्या शेगड्या शोधत हिंडे. तेव्हा सोसायटीच्या दुकानात रॉकेल मिळू लागलं होतं, घरोघर स्टोव्ह आले होते आणि शेगड्या मोडीत निघत होत्या. जैनोद्दीन त्या आणायचा, नीट करायचा, बाजारच्या दिवशी विकायचा आणि त्या पैशातून पुन्हा एखादी जुनी शेगडीच घरी आणायचा. त्याची बायको शरिफाबी म्हणायची, "लोकांचे नवरे कबुतरं पाळत्यात, आमच्या नशिबी शेगड्या. कबुतरं निदान उडून तरी जात्यात!"

पण हात मोठा गुणी होता त्याचा. त्यानं मला रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, विटकरीच्या भुग्यानं घासलं, वाकडा पाय सरळ केला. मग मला तापवून अंगभर करडईचं तेल चोळलं. तेल जिरत गेलं तशी माझी काळी कांती उजळली. येणारा-जाणारा थांबून बघू लागला. मी नुसती फुलून गेले.

एके दिवशी पलीकडच्या गल्लीतली शांताक्का मला बघायला आली. तिची लेक महानंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतिणीच्या बाजेखाली शेकाला शेगडी हवी होती. शांताक्कानं मला फिरवून फिरवून पाहिलं.

"शेगडी झ्याक हाय," ती म्हणाली, "पर गंजानं खाऊन भोकं लई मोठी झाल्यात. निखारा भाईर पडून बाजंला लागला तर?"

"काळजी करू नगा, शांताक्का," जैनोद्दीन म्हणाला. "बुजवून देतो. एक ठिणगी भाईर यायची न्हाय."

त्यानं भोकांवर आतून पत्रा बसवला, रिबिटांचे खिळे ठोकले आणि वरून कानस फिरवून सगळं गुळगुळीत केलं. शरिफाबीनं वाकून पाहिलं. "अवो, समदीच भोकं बुजवली की. ती दम कुठनं घेणार?"

"वरनं उघडी हाय की," तो हसून म्हणाला. आपल्या कामाकडं तो मान तिरकी करून बघत होता.

शरिफाबीचं बरोबर होतं, हे मला कळत होतं. खालून हवा नसेल तर कोळसा नीट जळत नाही, कोंदटतो, हे शेगडीला नाही कळणार तर कुणाला? पण ती भोकं मला देवीच्या व्रणांसारखी वाटायची. ती गेली म्हणून मी खूश होते. मला वाचा नाही, त्यामुळं बोलले नाही याचा दोष कुणी देणार नाही. पण निदान वाईट वाटून घेता आलं असतं. मी तेवढंही केलं नाही.

महानंदाला मुलगी झाली. बाळंतपण पुतळाबाईनं केलं. पुतळाबाई गावची सुईण. तीस वर्षांत निम्मं मुरुम तिच्या हातावर जन्मलं होतं, जैनोद्दीनची तिन्ही लेकरंसुद्धा. ती रोज सकाळी यायची, बाळाला आणि आईला न्हाऊ घालायची, माझ्या निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची. जाताना न चुकता सांगायची, "दार जरा उघडं ऱ्हाऊ द्या गं."

पौषातले दिवस होते. पाचव्या दिवशी बोचरं वारं सुटलं. पुतळाबाई धुरी देऊन गेली. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून शांताक्कानं खिडकीच्या फटीत पोतं कोंबलं, माझ्यात नवे कोळसे भरले, दार ओढून घेतलं आणि ती हापशावर पाण्याला गेली. हापशावर नेहमीसारखी रांग होती.

मित्रांनो, यापुढचं सांगताना मला आजही लाज वाटते. माझे कोळसे धड पेटत नव्हते, धड विझत नव्हते. खोलीत धूर दिसत नव्हता, पण हवा विषारी होत चालली होती. "आई, डोकं लई दुखतंय," असं महानंदा दोनदा म्हणाली, पण घरात ऐकायला कुणी नव्हतं. मग तिला ओकारी झाली, मग ती बोलेनाशी झाली. बाळ आधी रडलं, नंतर गप्प झालं. आणि मी बाजेखाली चकचकत बसले होते.

शांताक्का आली तेव्हा दोघींनी माना टाकल्या होत्या. तिनं हंबरडा फोडला आणि दोघींना ओढत ओसरीवर आणलं. उघड्या हवेत बऱ्याच वेळानं बाळ रडलं. महानंदानं डोळे उघडले. दोघी वाचल्या, संध्याकाळी बाळ अंगावर पिऊ लागलं.

पण घाबरलेल्या माणसाला दोष द्यायला कुणीतरी लागतं. शांताक्का ओट्यावर बसून येईल त्या बाईला सांगू लागली, "पुतळामावशीनं धुरीत काय घातलं, देव जाणे!" दोन दिवसांत ते गावभर झालं. मला मात्र कुणी बोल लावला नाही. मला नुसतं परत पाठवलं, कारण शांताक्काला मी डोळ्यांसमोर नको होते.

जैनोद्दीननं माझी जाळी उचलली. आत अर्धवट जळलेले कोळसे होते. त्यानं बुजवलेल्या भोकांवरून बोट फिरवलं. त्याला सगळं समजलं. शरिफाबी दारात उभी होती. तो तिच्याकडं बघू शकला नाही.

त्यानं माझ्यावर गोणपाट टाकलं आणि आठ दिवस तो गप्प राहिला. खरं बोललो तर गाव काय म्हणेल, कोण आपल्या हातची वस्तू घेईल, ही त्याची भीती. आणि मी? त्यानं गप्पच राहावं, असं मला मनापासून वाटत होतं. खरं कळलं तर लोक मला घणानं फोडतील, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. पुतळाबाईची मला आठवणही झाली नाही.

नवव्या दिवशी तीच आली. पदराखालून तिनं बाळांना धुरी द्यायचं पितळेचं लहानसं धुपाटणं काढलं.

"जैनोद्दीन, हे घे बाबा. तू जुनं घेतूस न्हवं? मला आता ह्याचं काम न्हाय. काल गुंडाप्पाच्या सुनंला कळा सुरू झाल्या. माझ्या दारावरनं तिची गाडी दवाखान्याला गेली, पर मला कुणी हाक मारली न्हाय."

जैनोद्दीनचे हात पुढं होईनात. त्यानं गोणपाट काढून मला तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना तो रडला.

"मला सांगून काय उपेग?" पुतळाबाई म्हणाली. "म्या काय केलं न्हाय, हे मला ठाऊकच हाय की. जा, शांताक्काला सांग."

भर बाजाराच्या दिवशी जैनोद्दीन मला डोक्यावर घेऊन निघाला. शांताक्काच्या ओट्यावर पाच-सात बाया बसल्या होत्या. त्यानं मला मधोमध ठेवलं.

"शांताक्का, मावशीच्या धुरीत काय बी नव्हतं. ही भोकं म्या बुजवली. कोळसा कोंदटला, त्यानं झालं. दोष माझा हाय, आणि ठाऊक असून आठ दिवस तोंड शिवून बसलो, हा दुसरा दोष."

बायांनी त्याला नको नको ते सुनावलं. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग शांताक्का हळूच म्हणाली, "त्याला एकट्याला नका बोलू गं. दार म्याच ओढलं, खिडकीत पोतं म्याच कोंबलं. मावशी रोज सांगून जायची."

त्याच ओट्यावर जैनोद्दीननं छिन्नी घेऊन माझ्या रिबिटा तोडल्या. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. शांताक्कानं मला मोडीत घातलं नाही, ओसरीवर ठेवून घेतलं. आणि ती स्वतः पुतळाबाईला बोलवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाई बाळाला न्हाऊ घालायला आली. पूर्वी ती सरळ आत यायची, पाण्यात हात घालून बघायची आणि "एवढंच का गं तापवलं?" म्हणून रागवायची. त्या दिवशी ती उंबऱ्याबाहेर थांबली. "येऊ का आत?" तिनं विचारलं.

शांताक्कानं तिचे हात धरले, पाय धरले. पुतळाबाईनं सगळं माफ केलं. पण पुढं कुणाच्याही घरी गेली तरी ती दाराशी थांबून विचारायचीच.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर दुरुस्त करा, पण तिचं भोक कशासाठी होतं ते आधी समजून घ्या. शेगडी पेटवाल तेव्हा दार-खिडकी उघडी ठेवा. आणि चूक झाली तर त्याच दिवशी बोला. आमचे आठ दिवस गप्प राहण्यात गेले, आणि तेवढ्यात एक म्हातारी दाराबाहेर थांबायला शिकली.