कंपनीचे जावई

लग्न न करता जावई होण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. वजनमापांच्या ऑफिसातल्या एका तपासनिसाला तो मिळाला होता. त्यांचं सासर म्हणजे एक मोबाईल कंपनी. बारा वर्षांत पाच फोन घेतले, पाचही तिचेच. त्या कंपनीबद्दल कोणी वावगा शब्द काढला की त्यांचा चेहरा घरच्या माणसाला नावं ठेवल्यासारखा उतरायचा. म्हणून ऑफिसात सगळे त्यांना जावईबापू म्हणत. साहेबसुद्धा तेच म्हणत.

गंमत अशी की माणूस मुळात संशयी. दुकानात शिरले की नमस्कार-चमत्काराआधी काट्याच्या खाली हात घालून बघायचे, काही चिकटवलंय का. पेटीतली पितळी वजनं रुमालानं पुसून एकेक करून काट्यावर ठेवायचे. पाच ग्रॅमचा फरक निघाला तरी दुकानदाराच्या गयावया कानाआड करून काटा जप्त. सख्ख्या मावसभावाचा काटासुद्धा त्यांनी सोडला नव्हता, त्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. पण कंपनीचं काही पत्रक आलं की हाच माणूस डोळे मिटून मान डोलवायचा.

कंपनीची घसरगुंडी चार वर्षांपासून चालू होती. आधी दुकानांतून तिचे फोन गेले, मग कव्हरं, मग काचा. ऑफिसातला शिपाई विचारायचा, "जावईबापू, सासरचं कसं चाललंय?" आणि अख्खं ऑफिस हसायचं. जावईबापू म्हणायचे, "वाईट दिवस कुणाला चुकलेत? अशा वेळी सोडून जाणारे ते ग्राहक कसले?" कंपनीच्या वेबसाइटवर ग्राहकांचा कट्टा होता. कुणी तिथं आपली अडचण लिहिली की दुसऱ्या जाणत्या ग्राहकानं उत्तर द्यायचं. जावईबापूंनी तिथं हजारावर उत्तरं दिली होती, तीही फुकट, आणि कंपनीनं त्यांच्या नावापुढं 'ज्येष्ठ सल्लागार' असं लिहून एक चांदणी चिकटवली होती. ती चांदणी कुणाला दाखवताना ते चक्क लाजायचे.

हे सगळं वेड एकट्यापुरतं राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण त्यांना एक थोरली बहीण होती, आणि तिचा आपल्या भावावर आंधळा विश्वास होता.

ताईचे यजमान गाडी चालवायला शिकवायचे. तीस वर्षं शिकाऊ माणसाशेजारी बसून "ब्रेक! अहो ब्रेक!" असं ओरडत आले होते. आवाज असा की काचा वर केल्या तरी चौकापर्यंत जायचा. अशा माणसाच्या नेमकी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचेल, पण आवाजाची पेटी काढावी लागेल.

तेव्हा जावईबापू धावून आले. कंपनीच्या नव्या फोनमध्ये एक सोय होती. माणसानं तीनशे वाक्यं वाचून दाखवायची, त्यावरून कंपनी त्याचा आवाज तयार करायची. नंतर फोनवर काहीही टाइप करा, फोन ते त्याच माणसाच्या आवाजात बोलून दाखवणार. जावईबापूंनी स्वतः फोन आणला. झोपायच्या खोलीत कपाटाची दारं उघडून त्यांवर गोधड्या टाकल्या, पंखा बंद केला, आणि ऑपरेशनच्या आधीचे अकरा दिवस भावोजी घामाघूम होऊन वाक्यं वाचत बसले. ताई दाराबाहेर बसून कुणाला आवाज करू देत नव्हती. कुकरची शिट्टीसुद्धा काढून ठेवली होती.

आणि ती सोय खरंच चालली. हे मान्य करायलाच हवं. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात भावोजींनी पहिल्यांदा फोनवर बोटं चालवली आणि फोन त्यांच्या आवाजात म्हणाला, "चहा पांचट झालाय." ताई ओट्याला धरून रडली होती. नंतर दोन वर्षं त्या घरात पूर्वीसारखीच भांडणं झाली, पूर्वीसारखेच टोमणे मारले गेले. भावोजींची एकच तक्रार होती. ते टाइप करून म्हणायचे, "मेव्हणे, तुमच्या कंपनीला सांगा, याला ओरडता येत नाही."

मग ते पत्रक आलं. महिन्याच्या अखेरीस कंपनी आपल्या सगळ्या सेवा बंद करत आहे. ज्यांनी आवाज तयार करून घेतला आहे त्यांनी त्याची फाईल त्याआधी उतरवून घ्यावी, आवाज कंपनीच्या यंत्रांवर आहे, फोनमध्ये नाही. फाईल उतरवली की खातं बंद होईल आणि ग्राहकानं कंपनी सोडली अशी नोंद होईल.

जावईबापूंची नजर त्या शेवटच्या ओळीवर अडली. अशा बातम्या आधीही दोनदा आल्या होत्या. दोन्ही वेळा लोक घाबरून पळाले, आणि दोन्ही वेळा ऐन वेळी कुणीतरी पैसे घालून कंपनी तारली. त्यांचा हिशोब साधा होता. जितके लोक सोडून जातील तितकी नवा मालक मिळायची आशा कमी. उरलेल्यांनी पाय रोवून उभं राहायचं. कट्ट्यावर त्यांनी लिहिलं, "घाबरू नका. फाईल उतरवू नका. आपण गेलो तर कंपनी आपल्यामुळे जाईल. मीही थांबलो आहे."

ताईनं फोन करून विचारलं होतं. "अरे, इथं काहीतरी आलंय बघ. फाईल काढून ठेवायची का यांची?"

"काही गरज नाही. वर्षाला एकदा येतं हे."

"बघ हं. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"ताई, मी आहे ना!"

"मग काय, झालं तर," ताई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. नंतर पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही.

एक तारखेला सकाळी सव्वानऊला जावईबापू किराणा दुकानातला काटा तपासत होते, तेव्हा ताईचा फोन आला. आवाज दबका होता.

"अरे, हे मघापासून टाइप करतायत. फोन बोलतच नाहीये."

"बंद करून चालू करा."

"चारदा केला."

"नेट बघ."

"नेट आहे. तिथं लिहून येतंय की हा आवाज अस्तित्वात नाही. म्हणजे काय रे?"

जावईबापूंच्या हातातलं वजन काट्यावर आपटलं. दुकानदारानं चमकून पाहिलं. वजनं तशीच पेटीत कोंबून ते बाहेर पडले. काट्याला सील लावायचं राहून गेलं. एकवीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

कंपनीचं सेवा केंद्र बसनं चाळीस मिनिटांवर होतं. शटर अर्धं खाली होतं. ते वाकून आत गेले. काउंटरवरची बाई खुर्च्यांवर खुर्च्या रचत होती. तिनं त्यांना ओळखलं. चांदणीवाल्या माणसाला तिथं सगळेच ओळखत.

"आवाजाच्या फायली?" ती म्हणाली. "त्या पुसल्या ना काल. यंत्रं दुसऱ्या कुणीतरी घेतली, रिकामी करूनच द्यायची होती."

"पण कुठंतरी एखादी प्रत असेल."

"काका, महिनाभर आधी सांगितलं होतं की. बहुतेकांनी नेल्या. थोडेच राहिले, आणि मला कळेना का राहिले. कुणीतरी कट्ट्यावर म्हणे लिहिलं होतं, थांबा म्हणून."

बाईचा फोन वाजला. तिनं पर्समधून काढला, तो दुसऱ्याच कंपनीचा होता. त्यांची नजर गेलेली बघून ती ओशाळली. "माझा इथला कधीच बिघडला होता," ती म्हणाली. "स्पेअर पार्ट मिळत नव्हते."

बाहेर पायरीवर बसून त्यांनी कट्टा उघडला. कट्टा अजून जिवंत होता, तो बंद करायचं बहुधा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिथं उत्तराऐवजी प्रश्न लिहिला. नीट सविस्तर लिहिला, फोनचा क्रमांक, आवाजाचा क्रमांक, तारीख. शेवटी लिहिलं, "कृपया कुणीतरी मदत करा. माणसाचा प्रश्न आहे." प्रश्न पाठवला. लगेच उत्तर आलं, की तुमची अडचण आम्ही या विषयातल्या ज्येष्ठ सल्लागाराकडे सोपवली आहे. त्यांचा ऊर भरून आला. आणि त्याच क्षणी हातातल्या फोननं टिंग केलं. एका ग्राहकानं तुमच्याकडे मदत मागितली आहे. खाली त्यांचाच प्रश्न होता. बाकीचे सल्लागार कधीच निघून गेले होते, सगळ्या कट्ट्यावर चांदणी तेवढी त्यांची उरली होती.

त्याच्याखाली आणखी सात प्रश्न पडले होते. एका मुलीनं आईबद्दल लिहिलं होतं. एकानं फक्त एवढंच लिहिलं होतं, "तुम्ही थांबा म्हणालात म्हणून थांबलो." जावईबापूंनी फोन खिशात टाकला. रस्त्यावरच्या माणसांसमोर रडायची लाज वाटली म्हणून ते उठून चालू लागले. बसचे पैसे खिशात असून ताईच्या घरापर्यंत चालतच गेले. पोचायची घाई नव्हती. पोचून सांगणार काय?

जिना चढताना त्यांनी वाक्यं जुळवून पाहिली. चूक झाली. माझ्यामुळे झाली. वाटेल ते बोला. दुसऱ्या मजल्यावर आले आणि त्यांचे पाय थबकले. बंद दाराआडून भावोजींचा आवाज येत होता. शंभर टक्के भावोजींचाच, तो खर्जातला, घासलेला, हुकमी आवाज.

जावईबापूंनी बेल न वाजवता दार ढकललं. "आला? आवाज आला?" ते अक्षरशः ओरडले.

भावोजी पलंगावर बसले होते. ताई त्यांच्या शेजारी, दोघांच्या मध्ये फोन. ताईनं वळून पाहिलं. तिचे डोळे सुजले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं.

"यांनीच शोधून काढलं," ती म्हणाली. "सकाळपासून खुडबुड करत होते. बाकीचं सगळं गेलं म्हणे, पण सुरुवातीला माईक तपासायला एक वाक्य वाचून घेतलं होतं ना, ते फोनमध्येच राहिलंय. एवढं एकच. ऐक."

तिनं बोट टेकवलं. दोन वर्षांपूर्वीचे भावोजी, गोधड्यांच्या मध्ये घामाघूम बसलेले, घसा खाकरून स्पष्ट म्हणाले, "ज्याचा विश्वास ढळत नाही, त्याची साथ हा फोन कधीच सोडत नाही."

जावईबापू मटकन खुर्चीत बसले. ते वाक्य त्यांना पाठ होतं. ही सोय काढताना कंपनीनं ज्येष्ठ सल्लागारांकडून वाक्यं मागवली होती, अवघड अक्षरं असलेली. त्यांनी आठवडाभर खपून हे रचलं होतं आणि कंपनीनं ते निवडलं होतं. त्या दिवशी अख्ख्या ऑफिसाला त्यांनी चहा पाजला होता.

ताईनं पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा तेच वाक्य. भावोजी डोळे मिटून ऐकत होते, आपलाच आवाज, परक्याचा असावा तसा कान देऊन. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

"ताई, बंद कर," जावईबापू म्हणाले.

"का? असू दे की. निदान हे तरी आहे."

"ते वाक्य माझं आहे. मी लिहून दिलं होतं कंपनीला." "आणि फाईलसुद्धा मीच काढू दिली नाही. आता ती कधीच मिळायची नाही. मी जाऊन आलो."

भावोजींनी डोळे उघडले. उशाशी एक वही होती. ते काहीतरी लिहितील असं जावईबापूंना वाटलं, शिवी तरी लिहितील. त्यांनी वही उचललीच नाही. भिंतीकडे तोंड करून ते आडवे झाले.

ताईनं हातातला फोन उशाशी ठेवला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती चिडली नव्हती, तिचा आवाज नुसता थकलेला होता.

"एवढं मोठं कशाला लिहिलंस रे?" ती म्हणाली. "नुसतं 'जेवलीस का' लिहिलं असतंस, तरी मला जन्मभर पुरलं असतं."