सहावा रकाना

बाबांच्या घरात टीव्ही बघायला कुणाची ना नव्हती, पण बघून झाल्यावर सुटका नव्हती. आज जे बघितलं त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ताटं मांडायच्या आधी, दहापैकी गुण द्यावे लागत. नुसते गुण चालायचे नाहीत, कारणही द्यावं लागे. कारण नसेल तर गुण बाद. बघितल्या बघितल्या मत द्यायलाही बंदी होती. बाबांचं म्हणणं, मतावरून एक रात्र गेली पाहिजे, ताज्या मताला नुसती वाफ असते. हे सगळं एका जाड वहीत उतरायचं. वही, पट्टी आणि शाईचं पेन टीव्हीखालच्या खणात असे, आणि त्या खणाला हात लावायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती.

आता यात बाबांचा तरी काय दोष! गॅसच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस. कारखान्यात त्यांना 'भिंग' म्हणायचे. पितळेच्या तुकड्यावरची केसाएवढी चीर त्यांना दिसे, मग मालिकेतली कशी सुटेल? फक्त निवृत्तीला दोन वर्षं उरली असतानाच त्यांना घरी बसावं लागलं, आणि तीच या घराची दुखरी नस होती.

वहीच्या दर पानावर सहा रकाने असत. घरात माणसं पाच. बाबा, आई, दादा, वहिनी आणि धाकटी. धाकटीला सगळे धाकटीच म्हणत, तिशी उलटली तरी. सहावा रकाना ताईचा. ताईसुद्धा त्याच कारखान्यात, त्याच खात्यात होती. बाबांनीच तिला चिकटवलं होतं, बाबांनीच शिकवलं होतं. आणि सहा वर्षांपूर्वी बाबांनी शिक्का मारून पास केलेला व्हॉल्व्हचा एक अख्खा लॉट दुसऱ्या तपासणीत तिने नापास केला. लेखी अहवाल दिला, खाली सही ठोकली. बाबांना घरी पाठवलं गेलं. "पोटच्या पोरीने माझं नाक कापलं," एवढंच बाबा बोलले, आणि पुढे म्हणाले, "या घरात तिचं नाव काढायचं नाही." ताई बॅग घेऊन गेली. नाव गेलं, फोन गेले, भिंतीवरचा फोटो गेला. रकाना मात्र बाबा नव्या पानावर आखायचेच. हाताची सवय म्हणा. कुणी विचारत नसे. अळीमिळी गुपचिळी.

धाकटी औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणाऱ्या छापखान्यात प्रुफं तपासायची. तीन आठवड्यांपूर्वी तिथे ताईचा फोन आला. सहा वर्षांनी आवाज ऐकला, आणि ऐकला तो असा: "डोळ्याचा आतला पडदा सुटलाय गं. शस्त्रक्रिया झाली. पंधरा-वीस दिवस पालथं पडून राहायला सांगितलंय. शेजारीण थेंब घालते, पण गुरुवारी तिची दुपारपाळी असते." येशील का, असं तिने विचारलं नाही. धाकटीने विचार वगैरे काही केला नाही. घरी सांगितलं, गुरुवारी ओव्हरटाइम आहे, आणि सलग तीन गुरुवार ती ताईच्या एका खोलीच्या घरी गेली.

तिथे ताई पलंगावर तोंड खाली करून पडलेली, कपाळाखाली उशी, आणि समोर टीव्हीवर तीच गुरुवारची, खुनाचा छडा लावणाऱ्या तपासनीसाची मालिका, जी इकडे घरी सगळे बघत. ताईला दिसत नव्हतं. धाकटी तिला चित्र सांगायची. आणि ताई म्हणजे काय, बापाच्या वर! "कुठे आहे डाग? केवढा? कड कशी? रंग? खोल आहे की वरवर?" बाई गं, एकदा तुझी तूच बघ की, असं धाकटीच्या तोंडावर आलं होतं, ते तिने गिळलं.

सोमवारी तपासणी होती. डोळा वाचला की गेला, ते सोमवारी कळणार होतं. सोबत माणूस आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ते माणूस धाकटीच होतं. तोवर घरी काही कळायला नको, एवढंच तिचं मागणं होतं.

तर त्या शुक्रवारी वही बाहेर निघाली.

घोळ असा झाला होता की गुरुवारी ऐन रंगात, नऊला वीस कमी असताना, घरच्या टीव्हीचा बॉक्स बंद पडला. शेवटची वीस मिनिटं कुणीच बघितली नव्हती.

"जेवढं बघितलं तेवढ्याचे गुण," बाबांनी निकाल दिला. "माझे आठ. कारण, तपासनीस कामाचा माणूस आहे. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही." त्यांनी आपल्या रकान्यात शाईने आठ लिहिला.

आईने सात दिले, कारण कुणी फारसं रडलं नाही. वहिनीने नऊ दिले, कारण त्या वकिलाच्या घराचे पडदे.

"पडद्यांना नऊ?" दादा म्हणाला.

"तुम्ही खुनाला देता, मी पडद्यांना देते. पडदे निदान घरात लावता येतात."

आईला हसू आलं. बाबांनी 'पडदे' असं नीट लिहून घेतलं. कारण ते कारण.

"माझेही नऊ," दादा म्हणाला. "वकिलाची घरकामवाली निर्दोष आहे, हे पहिल्यापासून कळतंय. औषध बदललं ते त्या कंपाउंडरने. लिहून ठेवा. मी सांगतो ना."

"मी सांगतो ना" हे दादाचं पालुपद. आणि ते ऐकलं की धाकटीचं डोकं फिरायचं, लहानपणापासून.

"काहीतरीच काय!" ती म्हणाली. "निर्दोष कसली? हातमोजा काढल्यावर साक्षीदाराने सांगितलेला तोच भाजल्याचा डाग दिसला ना तिच्या हातावर! आता आणखी काय पुरावा हवा तुला?"

बोलून गेली, आणि मग तिला तिचंच बोलणं ऐकू आलं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरंच.

"कुठला हातमोजा?" वहिनी म्हणाली. "कधी काढला?"

"बॉक्स बंद पडला तोवर तर नव्हता काढला," दादा म्हणाला. त्याने मान वळवून धाकटीकडे बघितलं. "आणि तू तर ओव्हरटाइमला होतीस."

धाकटीने सावरून घेतलं. "छापखान्यात... सांगत होत्या बायका. आज. चहाच्या वेळी."

ही थाप काही वाईट नव्हती. दादाने बहुतेक तेवढ्यावर सोडूनही दिलं असतं. पण बाबांनी पेन खाली ठेवलं होतं.

"कुठल्या हातावर डाग?" बाबांनी विचारलं.

"डाव्या. अंगठ्याच्या खाली."

"केवढा?"

"शर्टाच्या बटणाएवढा."

"कड?"

"वरून सरळ. खालून फाटल्यासारखी." तिने थांबायला हवं होतं. पण बाबा विचारत होते आणि काल कुणीतरी हेच, असंच विचारलेलं होतं, आणि उत्तरं जिभेवर तयार होती.

"रंग?"

"मधे गुलाबी, कडेला पांढरट."

"खोल?"

"वरवरचा. जुना."

बाबांनी एकेक उत्तर बोटांवर मोजलं.

"जागा, माप, कड, रंग, खोली," बाबा म्हणाले. "चहा पिता पिता बायका असं सांगत नाहीत. हे तू डोळ्यांनी बघितलंस. आणि याच क्रमाने तुला कुणीतरी विचारलं, म्हणून बघितलंस." त्यांनी चष्मा काढला. "हा क्रम मी एकाच माणसाला शिकवलाय."

आईने हातातला वाडगा ओट्यावर ठेवला, तो आदळलाच.

"तिच्याकडे जातेस?" दादा उठून उभा राहिला. "गुरुवारी? ओव्हरटाइम म्हणून आमच्या डोळ्यांत धूळ फेकून? बाबांना जिने घरी बसवलं तिच्याकडे? अगं, लाज कशी वाटली नाही तुला?"

"हळू बोला," वहिनी म्हणाली.

"का हळू? उद्या ही त्या बाईला घरात आणून बसवेल! ते काही नाही. पुढच्या गुरुवारी सुटायच्या वेळेला मी छापखान्याच्या दारात उभा राहणार. बघतो कशी जातेस. पुढच्याच कशाला, रोज उभा राहीन."

धाकटीला रडू येत होतं, पण त्याआधी राग आला, आणि ते बरं झालं. आला अंगावर तर घेऊ शिंगावर, असं म्हणून तीही उभी राहिली.

"रहा उभा! आणि सोमवारी तिला दवाखान्यात कोण नेणार ते पण सांग. तू नेशील? तिचा डोळा गेलाय, दादा. जातोय. वीस दिवस झाले, ती पालथी पडून आहे. पाणी प्यायला मान वर करायची चोरी. मी चित्र सांगते आणि ती ऐकते, एवढाच तिचा टीव्ही. सोमवारी कळेल दिसणार की नाही. हो, खोटं बोलले मी. परत बोलीन."

"कुठला डोळा?" आईने विचारलं. सहा वर्षांत लेकीबद्दल तिने विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि तो असा.

"उजवा."

आई खाली बसली. वहिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

दादा बाबांकडे वळला. "बाबा, तुम्ही तरी बोला. पास असलेला लॉट तिने मुद्दाम नापास केला. सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं. आता डोळा गेला म्हणून आपण सगळं विसरायचं का?"

सगळे बाबांकडे बघू लागले. बाबांनी 'नाही' म्हटलं की संपलं. धाकटीला हे माहीत होतं की ती तरीही जाईल, पण मग तीही बॅग घेऊनच जाईल, आणि बाबा पुढच्या पानावर दोन रकाने रिकामे आखतील.

बाबांनी चष्मा पुसला, परत घातला. वही पुढ्यात ओढली. पट्टी कालच्या मालिकेच्या ओळीखाली लावली, आणि पेन उचलून सहाव्या रकान्यावर धरलं.

"तिने किती दिले?" त्यांनी विचारलं.

धाकटीला आधी समजलंच नाही.

"कालच्या भागाला. तिने गुण दिले असतीलच. दिल्याशिवाय ती राहणार नाही. किती?"

"सहा," धाकटी म्हणाली.

"कारण? कारणाशिवाय मी लिहीत नाही."

धाकटीला ते तोंडपाठ होतं. उशीत तोंड खुपसलेल्या ताईचा दबका आवाज अजून तिच्या कानात होता. "ती म्हणाली, तपासनीसाला तो डाग पहिल्याच दिवशी दिसला होता. हातमोज्याच्या फटीतून. पहिल्या गुरुवारी मीच तिला सांगितलं होतं की तपासनीस तिथे बघून थांबला. आणि तरी तो गप्प राहिला, वरच्या साहेबांना घाई होती म्हणून. दिसला नसता तर तिने दहा दिले असते. दिसून गप्प बसला, म्हणून चार कापले."

बाबांनी ते लिहिलं. एक शब्द गाळला नाही. 'दिसून गप्प बसला' इथे पेन अडखळलं, शाईचा ठिपका पडला, मग ते पुढे गेलं. सहा वर्षं कोरा राहिलेल्या रकान्यात सहा हा आकडा उमटला.

"बरोबर कापले," बाबा म्हणाले.

"बाबा..." दादा म्हणाला.

"बस खाली." बाबांनी मान वर केली नाही. "त्या लॉटमधली चीर मला दिसली होती. गाडी दारात उभी होती, साहेब डोक्यावर उभे होते. मी शिक्का मारला. ते व्हॉल्व्ह लोकांच्या स्वयंपाकघरात बसणार होते, तरी मारला. तिने मारला नाही. मीच शिकवलं होतं तिला तसं."

दादा बसला. सहा वर्षं जो राग त्याने बापाच्या वतीने सांभाळला होता तो कुणाला परत करावा, त्याला कळत नव्हतं.

"मग आम्हाला सांगितलं का नाही?" आई रडत रडत म्हणाली. "माझी पोर घराबाहेर काढलीत आणि एवढं पोटात ठेवून बसलात? रोज माझ्या शेजारी बसून पडद्यांचे गुण लिहीत होतात?"

बाबांनी पट्टी एक रकाना, दुसरा रकाना असं करत मागे सरकवली, अगदी पहिल्यापर्यंत. वहीत एकदा शाईने लिहिलेला आकडा बदलायचा नाही, हा त्यांचाच नियम होता. त्यांनी आपल्या आठावर एक सरळ रेघ मारली. शेजारी सहा लिहिला. आणि खाडाखोड केली की कारखान्यात करावी लागते तशी तिथे बारीक सही केली.

"सोमवारी कितीला बोलावलंय?" त्यांनी विचारलं.

"नऊला," धाकटी म्हणाली.

"मग आठला निघू. आधी तिच्या दारात मला थोडा वेळ लागेल."