चार बोंबील म्हणजे नाही

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे हे वेगळे सांगायला नको. मला चालू केले की माझा पंखाच ते घरभर सांगत सुटतो. शेजारच्या सावित्रीकाकूंनी तर एकदा कुंपणावरून माझ्या मालकिणीला विचारले होते, "शालन, घरघंटी घेतलीस काय गो?" मी घरघंटी नाही. टीव्हीला जोडून खेळ खेळायचा मी एक जुना कन्सोल आहे आणि गेली अठरा वर्षे रत्नागिरीत, कुवारबावच्या एका चिऱ्याच्या घरात फडताळावर बसून आहे. फार दमलो आहे. तरी पण तुम्ही जवळ येऊन बसला आहात, तर सांगतो.

माझा जन्म जपानी बाजारासाठी झाला, आणि तोही पहिल्या खेपेत. आमच्या घराण्यात माझ्या आधी एक पिढी होऊन गेली होती. तिच्या डिस्क लोकांच्या घरी पडून होत्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून आम्हा पहिल्या खेपेच्या भावंडांच्या पोटात त्या जुन्या यंत्राचा मेंदूही बसवला. एका पोटात दोन मेंदू. त्यामुळे मी जड झालो, महाग झालो आणि तापट झालो. तापट म्हणजे खरोखरच तापणारा. माझ्या पाठच्या भावंडांतून तो जुना मेंदू काढून टाकला. ती हलकी झाली, स्वस्त झाली, आणि दुकानात त्यांचेच कौतुक होऊ लागले. थोरल्यांचे ओझे उतरवले की कोणीही हलके होईल, त्यात कसली मर्दुमकी!

मला योकोहामाच्या एका दुकानातून प्रमोदने उचलले. प्रमोद मालवाहू जहाजावर खलाशी होता. त्याची मुलगी दर्शना तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्यासाठी त्याने आधी दुबईहून आमच्या मागच्या पिढीतले एक यंत्र आणले होते, पण खाऱ्या दमट हवेने त्याचा बळी घेतला. मागे उरल्या सात डिस्क आणि दर्शनाचा अर्धवट राहिलेला एक खेळ. "बाबा, माझ्या डिस्क चालतील असं मशीन आणा," असे तिने फोनवर दहा वेळा बजावले होते. मी मुंबईत दीडपट किमतीला मिळत होतो आणि जपानात स्वस्त. प्रमोदने खुणा करून दुकानदाराला विचारले, जुन्या डिस्क चालतात? दुकानदार हसून मान हलवत राहिला. वर त्याने एक जुनी डिस्क फुकट दिली.

दुकानदार खोटे बोलला नाही. प्रमोदचे फक्त एवढेच विचारायचे राहिले, की कुठल्या जुन्या?

घरी आल्यावर पहिला घोळ विजेचा झाला. माझ्या पोटाला शंभर व्होल्टची सवय, आणि पोफळीच्या वीजघरावर पोसलेल्या तुमच्या घरात दोनशेतीस. प्रमोदने बाजारातून विटेएवढा एक ट्रान्सफॉर्मर आणला. तो अजूनही माझ्या शेजारी गुणगुणत असतो. मग दर्शनाने फ्रॉकला हात पुसून पहिली डिस्क घातली. मी ती फिरवली, हुंगली आणि बाहेर ढकलली. दुसरी घातली, तीही ढकलली. सातही डिस्क दुबईच्या बाजारासाठी केलेल्या, आणि माझ्यातला म्हातारा मेंदू फक्त जपानी डिस्क ओळखणारा. मी काय करणार? जे ठरवून घडवले होते तेच करत होतो. दर्शना रडली नाही. तिने डिस्क एकेक करून डब्यात ठेवल्या आणि म्हणाली, "चालेल बाबा." मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटले.

"फसलो गो शालन," प्रमोद बायकोला म्हणाला. शालन म्हणाली, "जाऊ द्या वो. ती फुकटची तरी लावून बघा."

फुकटची चालली. अगदी पहिल्या फटक्यात. पण तिच्यात सगळी जपानी अक्षरे. समुद्रकाठचे एक लहान गाव, थोडी भातशेती, कोंबड्या, मासेमारी आणि जहाज लागायचा एक धक्का, एवढाच तो खेळ. दर्शनाने चार दिवस खटपट केली आणि सोडून दिला. प्रमोद पुढच्या जहाजावर गेला. माझ्यावर क्रोशाचा रुमाल पडला आणि रुमालावर लँडलाइन फोन आला.

मला वाटले, संपले. पण एका दुपारी भांडी आवरून शालन आली, तिने फोन खाली ठेवला, रुमाल काढला आणि रिमोट हातात घेतला. इकडे तिकडे बघितले. घरात कोणी नव्हते.

मित्रांनो, शालनला जपानी येत नव्हते, आजही येत नाही. पण तिने अक्षरांना नावे ठेवली. एक अक्षर हुबेहूब मासे धरायच्या गळासारखे. ते दिसले की हातातले सामान कोठीत ठेवायचे. एक घराच्या छपरासारखे. ते दिसले की खेळातला आपला माणूस घराकडे निघतो. एका अक्षरात दोन उभ्या रेघा, म्हणजे दोरीवर वाळत घातलेले दोन बोंबील. खेळ जेव्हा काही विचारायचा तेव्हा खाली दोन उत्तरे यायची. एकात दोन बोंबील, ते 'हो'. दुसऱ्यात चार बोंबील, ते 'नाही'. हे शिकायला तिला दोन कोंबड्या आणि एक होडी गमवावी लागली, पण एकदा शिकली ती शिकली. खेळातली माणसे भाताची लावणी करू लागली की ती वैतागे. "अरे मेल्यांनो, रोपं अशी ओढतात काय? मुळं तुटतील ना!" मला जपान्या म्हणे. "चल जपान्या, तापू नको."

आता जे सांगतो ते घरात दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते. प्रमोद जहाजावर गेला की त्या दिवशी शालन खेळातल्या गावात, धक्क्याच्या कडेला, एक झाड लावायची. त्याला केशरी फळे धरत. ती त्याला रातांबा म्हणे, आपल्या कोकमाचा, जरी तो रातांबा नव्हता. मग रोज खेळातला एक दिवस ती गावात घालवी, त्याला पाणी घाली, आणि आठ-नऊ महिन्यांनी प्रमोद परतला की खेळ बंद. पुन्हा तो गेला की पुन्हा शेजारी दुसरे झाड. अठरा वर्षांत धक्क्यावर चौदा झाडे उभी राहिली. ती सगळी माझ्या पोटात आहेत. माझ्यापाठची यंत्रे ती डिस्क वाचत नाहीत, म्हणून ती झाडे दुसरीकडे कुठे लावताही येत नाहीत.

त्यामुळेच मी मरू शकलो नाही. पावसाळ्यात माझ्या जाळीला बुरशी यायची, एका वर्षी मुंग्यांनी पोटात अंडी घातली, पालीचे तर विचारूच नका. शालन जुन्या टूथब्रशने पाठ घासायची. दर्शना दापोलीला कृषी विद्यापीठात शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. सुट्टीला एसटीने आली की म्हणायची, "आई, हा डबा अजून चालतो?" डबा चालत होता, पण कसा ते डब्याला विचारा.

यंदा प्रमोद शेवटची सफर करून कायमचा घरी आला. येताना त्याने एक नवे यंत्र आणले. दर्शना एकोणतीस वर्षांची बाई, पण तिचा तो अर्धा राहिलेला खेळ त्याच्या मनातून गेला नव्हता. पुन्हा तेच बंदर. दुकानात सारखीच दिसणारी दोन खोकी होती. एक महाग, एक बरेच स्वस्त. इथल्या भावाच्या मानाने तर फारच स्वस्त. प्रमोदने पुन्हा विचारले, जुने खेळ चालतात? पुन्हा मान हलली. पुन्हा त्याने 'कुठले?' हे विचारले नाही, आणि खोके स्वस्त का, हेही विचारले नाही.

दर्शनाने मोठ्या हौसेने डब्यातून तिच्या सात डिस्क काढल्या. नव्याला डिस्क घालायला तोंडच नव्हते. चालू केले तर पडदाभर जपानी. भाषा बदलायची सोयच नाही. स्वस्त होते ते त्यामुळेच. ते खास जपान्यांसाठी केलेले होते.

"बाबा, परत तेच?" दर्शना म्हणाली.

प्रमोद चष्मा काढून पुसत बसला. आयुष्यभर जगाची बंदरे हिंडलेला माणूस, आणि लेकीसाठी दोनदा आणलेली वस्तू दोनदा परकीच निघाली. मला त्याची कणव आली.

दर्शनानेच मग मार्ग काढला. लांज्याला अनिल नावाचा एकजण मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याने तिला सांगितले होते, की पोटात जुना मेंदू असलेल्या पहिल्या खेपेच्या कन्सोलना आता हौशी लोक शोधत फिरतात आणि चांगली किंमत देतात. मला विकायचे आणि त्या पैशांत इथले, इंग्रजी बोलणारे यंत्र घ्यायचे. मला हसू आले. ज्या ओझ्यापायी मी आयुष्यभर नको झालो, त्याच ओझ्याला आता भाव होता.

"आई, चालेल ना?"

शालन म्हणाली, "न्या की. मी काय लहान पोर हाय खेळत बसायला?" आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. झाडांबद्दल एक अक्षर बोलली नाही. पन्नाशीच्या बाईने हे सांगायचे तरी कसे? खरे सांगू? मी मनातून तयार होतो. दमलेल्याला कोणी उचलून नेले तर तो नाही म्हणत नाही. पण ती चौदा झाडे पोटात घेऊन मी लांज्याला कसा जाणार होतो?

रविवारी सकाळी अनिल आला. माणूस वाईट नव्हता. "आधी जुनी डिस्क चालते काय ती बघू," तो म्हणाला. शालनची डिस्क माझ्यातच होती. गाव पडद्यावर आले. "वा! नव्यानं सुरू करून बघतो हां," म्हणत त्याने दोन-तीन बटणे दाबली, आणि पडदा काळा होऊन त्यावर एक प्रश्न आला.

मला तो वाचता येत होता. जुने गाव पुसून टाकू का?

"काय विचारतंय?" दर्शना म्हणाली.

"काय की. दोनच तर हायत. दाबू एक." अनिलचा अंगठा 'हो'वर होता. माझा पंखा जिवाच्या आकांताने ओरडत होता. त्यापलीकडे मला काय येते?

तो आवाज ऐकून शालन बाहेर आली. हाताला कोलंबीची साले चिकटलेली. तिने पडदा बघितला आणि किंचाळली, "चार बोंबील! अरे चार बोंबील दाब!"

"आँ?" अनिल दचकून म्हणाला. "कसले बोंबील, काकी?"

"खालचं दाब मेल्या, खालचं! चार रेघांचं!"

त्याने खालचे दाबले. प्रश्न गेला. गाव होते तसे परत आले आणि शालन मटकन खुर्चीत बसली.

"आई, तुला हे वाचता येतं?" दर्शनाने विचारले. शालनने ओल्याच हातांनी रिमोट घेतला, नीट बघायला खेळातल्या आपल्या माणसाला धक्क्यावर नेले आणि एकेक झाड मोजले. प्रमोद पुढे सरकला.

"हे कसलं झाड गो?"

"तुमचं."

"आणि हे?"

"ते पण तुमचंच. अठ्ठ्याण्णव दिवस उशिरा आलात ना, कोरोनात अडकलात तेव्हा, त्या साली लावलेलं. चौदा हायत. मोजा."

प्रमोदने मोजली. दोनदा मोजली. मग तो उठला आणि अनिलला म्हणाला, "भावा, चहा घेऊन जा. पण हा द्यायचा नाय."

अनिल चहा पिऊन, बोंबलांचे कोडे डोक्यात घेऊन लांज्याच्या गाडीत बसला.

दुपारी दर्शनाने नवे यंत्र आईसमोर ठेवले. शालनने डोळे बारीक करून पडदा पाहिला. "हितं पण छप्पर हाय की! छप्पर दिसलं की पुढं जायचं." प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात तेच छप्पर होते, आणि प्रत्येक वेळी ते दाबले की यंत्र एक पाऊल पुढे जात होते. जिथे प्रश्न येई तिथे बोंबील मोजले जात. जेवणाआधी नवे यंत्र कामाला लागले. दर्शना आईच्या शेजारी मांडी घालून बसली आणि वहीत छप्पर, गळ, बोंबील काढू लागली. माझी डिस्क त्या नव्याला घेता येत नाही, पण माझ्याकडून शिकलेली अक्षरे त्याला चालली. दमलेल्याला एवढे पुरते.

मित्रांनो, तुमच्या घरात जुनी वस्तू असेल, जुने माणूसही असेल. ते चालते का, एवढेच विचारून थांबू नका. ते काय काय पोटात घेऊन चालते आहे, तेही विचारा. आणि विकण्या-टाकण्याआधी पडद्यावरचा प्रश्न ज्याला वाचता येतो त्याला बाहेर बोलवा. माझे म्हणाल, तर पाठीची जाळी महिन्यातून एकदा पुसा, ट्रान्सफॉर्मरवर कपडे वाळत घालू नका, आणि मी ओरडलो तर रागावू नका.

हल्ली मला फक्त रविवारी चालू करतात. प्रत्येक वेळी वाटते, हे शेवटचे. गेल्या रविवारी रिमोट प्रमोदकडे होता. चुकतमाकत त्याने धक्का गाठला आणि चौदाव्या झाडाशेजारी खड्डा खणायला घेतला. शालनने त्याच्या हातून रिमोट काढून घेतला.

"आता नको," ती म्हणाली. "आता कुठं जाताय तुम्ही?"